न उलगडलेले तिलिस्म

दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर १९९४ साली ‘चंद्रकांता’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीलगतच्या सिडकोच्या घरांतून रविवारची सकाळ कशी जात असे, हे त्या पिढीला सांगावयास नको. लहानसे घर, गच्चीवर लोखंडी नळीला बांधलेली ॲन्टेना, चित्र हलू लागले की ती फिरविण्यासाठी वर धावणारा मुलगा, दारात दाटीवाटीने बसलेली शेजारची मुले आणि रात्रपाळी आटोपून आलेला, झोप तासभर पुढे ढकलून भिंतीला पाठ लावून बसलेला कामगार. मालिकेचे शीर्षकगीत सुरू झाले की गल्लीतला खेळ थांबे. केवळ अंबडमध्येच असे घडत होते असे नाही. देशातील बहुतेक गावांत ते घडत होते. तरीही अंबडसारख्या वस्तीचा या संदर्भात स्वतंत्र विचार करावा, असे एक कारण आहे. ते पुढे येईल.

त्या प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांनी मूळ कादंबरी वाचलेली होती. कथेचा लेखक कोण, ती केव्हा लिहिली गेली, याचीही पुष्कळांना कल्पना नव्हती. देवकीनंदन खत्री हे त्या लेखकाचे नाव. जन्म १८६१ चा, मृत्यू १९१३ मधला. बनारसला राहणाऱ्या या गृहस्थांनी चकिया आणि नौगढ या भागांतील जंगलांचे ठेके घेतले होते. त्या निमित्ताने दऱ्याखोऱ्यांतून, पडक्या किल्ल्यांतून, ओसाड इमारतींतून त्यांची भटकंती झाली. ठेकेदारी सुटली, पण ते अवशेष डोक्यात राहिले आणि १८८८ च्या सुमारास त्यांतून ‘चंद्रकांता’ अवतरली. पुढे ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग निघाले, स्वतःचा लहरी छापखाना निघाला, आणि ही पुस्तके वाचता यावीत एवढ्यासाठी अगणित लोकांनी हिंदी शिकून घेतली, असे हिंदी वाङ्मयाचे इतिहासकार सांगतात. हिंदीला खत्रींइतके वाचक कोणी मिळवून दिले नाहीत, हे आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी मान्य केले आणि त्याच लेखणीने या कादंबऱ्यांना खऱ्या साहित्याच्या कोटीत बसविण्यास नकार दिला. वाचकांचे ऋण मान्य करावयाचे, लेखकाला मात्र अंगणातच उभे ठेवावयाचे, हा व्यवहार मराठीलाही अपरिचित नाही.

विजयगढची राजकन्या चंद्रकांता, नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, विजयगढच्या वजिराचा महत्त्वाकांक्षी मुलगा क्रूरसिंह आणि चुनारचा राजा शिवदत्त, एवढ्या पात्रांभोवती ही कथा फिरते. नीरजा गुलेरी यांनी ती पडद्यावर आणली. शिखा स्वरूप आणि शाहबाज खान ही नायक-नायिकेची जोडी होती. मराठी प्रेक्षकाला वर्षा उसगांवकर यांच्या सहभागाचे विशेष अप्रूप होते. ‘महाभारत’ मालिका १९९० मध्ये संपून चारच वर्षे झाली होती, त्यामुळे मुकेश खन्ना पडद्यावर आले की भीष्म आणि पंकज धीर आले की कर्ण, अशी हाक घरोघर आपोआप उठे. पुढे जगभर नाव कमावलेले इरफान खान त्या वेळी बद्रीनाथ हा अय्यार रंगवीत होते. परंतु मालिका खरी लुटून नेली ती क्रूरसिंहाने. अखिलेंद्र मिश्र यांच्या वर चढविलेल्या भुवया आणि ‘यक्कू’ हा तोंडी बसलेला उद्गार यांनी शाळांच्या मधल्या सुट्ट्या व्यापून टाकल्या. नायकाची नक्कल कोणी केली नाही. खलनायकाची मात्र सर्वांनी केली. कादंबरीत या गृहस्थाला एवढा पसारा नाही. पण प्रेक्षकांनी त्याला उचलून धरल्यावर मालिका त्याला थोडीच सोडणार!

कादंबरीवरून केलेल्या मालिकेला प्रेक्षक सहसा दोन तोंडांनी उत्तर देतात. ज्यांनी पुस्तक वाचलेले असते ते ‘पुस्तकात असे नव्हते’ म्हणतात, आणि ज्यांनी वाचलेले नसते ते ‘मग पुढे काय होणार?’ म्हणून त्यांच्याच मागे लागतात. १९८७ साली रणजित देसाई यांची ‘स्वामी’ पडद्यावर आली तेव्हा महाराष्ट्रातील घरांत पहिला आवाज मोठा होता. माधवरावांच्या भूमिकेत रवींद्र मंकणी शोभतात की नाही, रमाबाई मनातल्यासारख्या आहेत की नाहीत, यावर वाद घालणाऱ्यांच्या कपाटात ते पुस्तक असे. अलीकडे पाश्चात्त्य देशांत हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडला. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवरील ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका २०११ मध्ये सुरू झाली. लेखकाची पुस्तके मागे पडली, मालिका पुढे निघून गेली, आणि २०१९ मध्ये तिचा शेवट पाहून संतापलेल्या दहा लाखांहून अधिक लोकांनी शेवटचे सत्र पुन्हा चित्रित करा, अशा मागणीवर सह्या केल्या. मागणी अर्थातच कोणी मानली नाही. तिचा हट्टीपणा उघड आहे. पण आपल्याला काय दाखविले गेले आणि काय मिळावयास हवे होते, हे त्या प्रेक्षकांना निदान ठाऊक होते.

‘चंद्रकांता’च्या मराठी प्रेक्षकाजवळ हे मोजमापच नव्हते. पडद्यावर जे आले तेच त्याच्या दृष्टीने मूळ झाले. म्हणून त्याने जी तक्रार करावयास हवी होती ती कधी केली नाही. ती तक्रार अशी, की खत्रींच्या जगात जादू नाही.

हे विधान धाडसाचे वाटेल. अय्यार आणि तिलिस्म यांनी गच्च भरलेल्या कथेत जादू नाही म्हणजे काय? पण कादंबरी उघडली की उलगडा होतो. अय्यार म्हणजे वेषांतर, हेरगिरी आणि हिकमती यांत तरबेज असलेला राजसेवक. त्याच्या बटव्यात रंग असतात, खोट्या दाढीमिशा असतात, वर चढण्यासाठी दोरीची कमंद असते, शुद्ध हरपविणारी पूड असते आणि शुद्धीवर आणणारा लखलखा असतो. क्षणात स्त्रीचा पुरुष होतो तो मंत्राने नव्हे. आरशापुढे बसून, रंग लावून होतो, आणि रंग नीट बसला नाही तर पकडलाही जातो. अय्यारांचे आपसांतील संकेत असतात; सहसा एकाने दुसऱ्याचा जीव घ्यावयाचा नसतो. हा एक कसबी धंदा आहे. कसबी धंद्याला असावेत तसे गुरू, अवजारे आणि नियम त्याला आहेत.

तिलिस्माची गोष्ट अधिकच लक्षणीय आहे. कोणा पूर्वजाने आपला खजिना योग्य वारसाच्याच हाती पडावा म्हणून रचलेली, गुप्त दारे, कळी, खटके आणि भुयारे यांनी भरलेली वास्तू म्हणजे तिलिस्म. त्यात माणसाला गिळून टाकणारा दगडी बगळा आहे, स्वतः बंद होणारी दारे आहेत. वाचक चकित होतो, घाबरतो. परंतु लेखक त्याला तेथे सोडून पळत नाही. कोणत्या वस्तूमागे कोणती कळ होती, याचा हिशेब तो पुढे चुकता करतो. तिलिस्म कसे तोडावयाचे याचे पुस्तकही त्या तिलिस्मातच ठेवलेले असते. त्यातील सूचना क्रमाने पाळल्या तर दार उघडते. क्रम चुकला की माणूस अडकतो. त्या काळच्या हिंदी नियतकालिकांत या घटना संभवनीय की असंभवनीय असा वाद झाला आणि खत्रींनी त्यात आपली बाजू मांडली. असा वाद झाला हेच बोलके आहे. राक्षसाच्या गोष्टीविषयी ‘हे शक्य आहे काय?’ असे कोणी विचारीत नाही. जेथे यंत्राची शंका येते तेथेच हा प्रश्न उभा राहतो.

अंबडचा विचार स्वतंत्रपणे करावयाचा तो येथे. या वसाहतीतील कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाचा सारा दिवस तिलिस्मातच जातो, असे म्हटले तर ती केवळ कोटी ठरणार नाही. विजेच्या पॅनेलचे दार आतील स्विच बंद केल्याखेरीज उघडत नाही. तशी अडसराची योजना त्यात केलेली असते. प्रेसवर काम करणाऱ्याचे दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय वरचा भाग खाली येत नाही, कारण एक हात मोकळा राहिला तर तो साच्याखाली सापडण्याचा संभव असतो. कोणती कळ आधी, कोणती नंतर, क्रम चुकल्यास काय होईल, हे फिटरला आणि टर्नरला जितके कळते तितके समीक्षकाला कळत नाही. खत्रींच्या बगळ्यापुढे अशा माणसाला बसविले असते तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता तो हाच, की याला ताकद कोठून मिळते? आणि कादंबरीने त्याला उत्तर दिले असते.

मालिकेने ते दिले नाही. तिने अय्यारांची धावपळ ठेवली, भव्य महाल उभे केले, पोशाखांवर हात राखला नाही. पण कळ आणि खटका यांच्या जागी हळूहळू शाप, वरदान आणि मायावी शक्ती येऊन बसल्या. हातातून ज्योत निघाली, माणूस अदृश्य झाला, आणि ‘कसे?’ या प्रश्नाचे उत्तर ‘शक्तीने’ एवढेच राहिले. हा दोष एकट्या त्या मालिकेचा म्हणता येणार नाही. तंत्राच्या मर्यादा होत्या. यंत्राची रचना चित्रातून समजावून द्यावयाची तर दिग्दर्शकाजवळ वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. मायावी ज्योत स्वस्तात निघते. शिवाय दर आठवड्याला चालणाऱ्या मालिकेची एक मूलभूत अडचण आहे. तिलिस्माचा सारा अर्थ ते अखेर तुटण्यात आहे. तुटले की कथा संपली. कथा संपली की जाहिराती संपल्या. म्हणून मालिका तिलिस्माभोवती फेऱ्या मारते, नवी पात्रे आणते, मेलेली जिवंत करते, जुळी भावंडे शोधून काढते. कुलूप मात्र उघडत नाही. ‘फार पाणी घालतात’ ही प्रेक्षकांची नेहमीची कुरकुर १९९६ पर्यंत, म्हणजे मालिका संपेपर्यंत, या मालिकेच्याही वाट्याला आली. ती रास्त होती. तिच्या मुळाशी असलेली खरी फसवणूक मात्र कुरकुर करणाऱ्यालाही ठाऊक नव्हती.

पुढच्या आवृत्त्यांनी तर आडपडदाही ठेवला नाही. २०१७ साली दोन निरनिराळ्या वाहिन्यांनी एकाच वर्षात ‘चंद्रकांता’ आणली. त्यांपैकी एकीने आपल्या नावातच ‘मायावी प्रेमगाथा’ असे शब्द घातले. ‘नागिन’सारख्या मालिकांनी तोवर मैदान तयार करून ठेवले होते. खत्रींचे नाव श्रेयनामावलीपुरते उरले.

मराठीत याहून वेगळे घडू शकले असते काय? आपली अद्भुत कादंबरी खत्रींहून वयाने वडील आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, म्हणजे खत्रींच्या जन्मवर्षाची. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. आपल्या लोकांच्या नित्याच्या राहणीत आणि लग्नाच्या रीतीत मनोवेधक असे काही सापडत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते, अशी कैफियत रिसबुडांनी मोठ्या प्रांजळपणे दिली होती. तिला उत्तर मिळाले ते हरि नारायण आपट्यांकडून. १८९० पासून ‘पण लक्षात कोण घेतो’ मधील यमूने हे दाखवून दिले, की त्याच नित्याच्या राहणीत आणि त्याच लग्नाच्या रीतीत केवढे काळीज फाडणारे नाट्य भरलेले आहे. हिंदी वाचक चुनारच्या तिलिस्मात शिरत होता, नेमक्या त्याच सुमारास मराठी वाचक पुण्याच्या वाड्यातील माजघरात येऊन बसला. ही मराठीची थोर कमाई आहे, यात शंका नाही. पण तिची किंमतही द्यावी लागली. अद्भुत म्हणजे पोरखेळ, ही समजूत तेथून रूढ झाली. नाथमाधवांची ‘वीरधवल’ घरोघर वाचली गेली, पण तिच्यावर गंभीरपणे लिहावे असे फारसे कोणास वाटले नाही. नारायण धारपांना वाचक मिळाले; मान फार उशिरा मिळाला, आणि तोही त्यांच्या कथाबीजावरून स्फुरलेला ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट २०१८ मध्ये गाजल्यावर. ज्या वाङ्मयप्रकाराची चिकित्साच केली जात नाही, त्याचे पडद्यावर काहीही केले तरी जाब विचारणारा कोणी नसतो.

येथे दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. दिवसभर यंत्राशी झुंजून आलेल्या माणसाने रविवारी पुन्हा यंत्रच का पाहावे? त्याला मायावी ज्योत हवी असेल तर ती नाकारणारे तुम्ही कोण? हा सवाल बिनतोड वाटतो, आणि त्यात तथ्यही आहे. प्रेक्षक मूर्ख नसतो. क्रूरसिंहाची नक्कल करणाऱ्या एकाही मुलाने हातातून ज्योत काढून दाखविली नाही. ती खोटी आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. १९८७ मध्ये ‘रामायण’ लागताच दूरचित्रवाणी संचाला हार घालणारे लोकही संचाची वायर बिघडली की कारागिरालाच बोलावीत. तेव्हा अद्भुताने अंधश्रद्धा फैलावते, असे सरधोपट विधान करणे योग्य नाही. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली तेव्हा तिच्याविरुद्ध हीच ओरड झाली, कोकणची बदनामी होते असाही आक्षेप आला. पण प्रेक्षकांनी मालिका डोक्यावर घेतली. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्राने २०१३ मध्ये केला, तो लोकांना लुबाडणाऱ्या आणि छळणाऱ्या भोंदूंसाठी. त्या कायद्याचा बडगा कथेवर उगारावा असे कोणी म्हणू नये.

आक्षेप भुताखेतांना किंवा नागिणींना नाही. ज्यांना त्या निर्माण करावयाच्या असतील त्यांनी खुशाल कराव्यात आणि आपले नाव त्यावर घालावे. आक्षेप आहे तो खत्रींच्या नावावर त्या खपविण्याला. ज्या लेखकाने वाचकाला प्रत्येक कोड्याचे उत्तर देणे हे आपले कर्तव्य मानले, त्याच्याच कथेतून उत्तरे काढून टाकावयाची आणि नुसती कोडी ठेवावयाची, याला रूपांतर म्हणता येणार नाही. आणि त्यात नुकसान होते ते लेखकाचे नव्हे. तो १९१३ मध्येच निघून गेला. नुकसान त्या मुलाचे होते, ज्याला दगडी बगळ्याच्या पोटात काय यंत्र आहे ते कळले असते तर त्याने दुसऱ्या दिवशी पत्र्याचा डबा, रबर आणि खिळे घेऊन तो बनवून पाहिला असता.

नाशिकला हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. अंबडहून पाथर्डी फाट्याकडे आले आणि मुंबई–आग्रा महामार्ग ओलांडला की पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे. फाळके त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मले आणि १९४४ मध्ये नाशिकलाच वारले. चित्रपटात पडण्याआधी ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने, आपलेच आडनाव उलटे करून, जादूचे प्रयोग करीत असत. १९१७ मध्ये त्यांच्या ‘लंकादहना’तील राम पडद्यावर येताच लोक हात जोडीत. राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके नावाच्या एकाच नटाने केल्या होत्या, तरीही जोडीत. अद्भुत दाखवून लोकांना नमवावयाचे कसब फाळक्यांपाशी पुरेपूर होते. तेवढ्यावर थांबणे त्यांना सहज शक्य होते. पण त्याच वर्षी त्यांनी आणखी एक लहानसा चित्रपट काढला. त्याचा विषय होता, चित्रपट कसा तयार करतात. त्याचे काही भाग आजही शिल्लक आहेत. त्यांत फाळके स्वतः नटांना सूचना देताना आणि फिल्मची पट्टी हाताळताना दिसतात. ज्या प्रेक्षकाला त्यांनी लंका जळताना दाखविली, त्याच प्रेक्षकाला ती कशी जाळली तेही पाहावयास बोलावले.

आज अंबडच्या कारखान्यांतून आणि त्यांच्या आसपासच्या भाड्याच्या खोल्यांतून उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले असंख्य तरुण राहतात. त्यांत मिर्झापूर, चंदौली, सोनभद्र या बाजूंचेही असतील. चुनारचा किल्ला मिर्झापूर जिल्ह्यात आहे, नौगढ चंदौलीत, विजयगढ सोनभद्रमध्ये. नाशिककराला जशी पंचवटी, तशी ही नावे त्या मुलखातील माणसाला कथेतली वाटत नाहीत. ती त्याच्या वाटेवरची गावे असतात. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलच्या हातभर लांब धरलेल्या पडद्यावर जुनी ‘चंद्रकांता’ पाहणारा एखादा तरुण, शेजारच्या नाशिककर सोबत्याला नौगढचे जंगल कोठे आहे ते सांगू शकेल. चुनारच्या बगळ्याच्या पोटात कोणती कळ होती, हे मात्र त्या मालिकेतून दोघांनाही कळणार नाही. त्यासाठी पुस्तकच उघडावे लागेल, आणि ते सुट्टीच्या अर्ध्या तासात मावणारे नाही.